इसुझू व्ही-क्रॉस पिकअपचा गंजलेला हौदा काढून अ‍ॅल्युमिनियमचा फ्लॅटबेड बसवायचा आहे. घर मांद्र्याला आहे. गोव्यात जमेल का, आणि पत्रा किती जाडीचा घ्यावा?

जमेल. पण पत्र्याची जाडी हा तिसरा-चौथा प्रश्न आहे. बेड आणि चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) यांच्यामध्ये काय घालणार, हे आधी ठरवा. माझा बेड बिघडला तो तिथेच.

मी वाळपईचा. खाली पोफळीचं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, वर डोंगराला काजू. गाडी जुनी टाटा झेनॉन पिकअप, फोर बाय फोर. तिचा मूळचा हौदा तळातून कुजला तेव्हा मी अ‍ॅल्युमिनियमचा सपाट बेड बांधून घेतला. एकदा चुकीचा, मग दुसऱ्यांदा बरा. तुम्ही मांद्र्याला, समुद्राला लागून राहता, म्हणजे माझ्यापेक्षा जास्त जपावं लागेल.

आधी कागद. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. हौदा गेला की बॉडीचा प्रकार बदलतो आणि रिकाम्या गाडीचं वजनही बदलतं. म्हणून लेखी परवानगी हातात आल्याशिवाय एक बोल्टही सैल करू नका. माझी गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली आहे. तुमची खासगी असेल तर परिवहन कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारा. नाही म्हणाले तर पैसे वाचले. विम्यालाही लेखी कळवा. आणि एक गैरसमज नको: बेड हलका झाला म्हणून गाडीच्या एकूण वजनाची मर्यादा वाढत नाही.

आता धातू. अ‍ॅल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश, पण कडकपणाही एक तृतीयांशच. त्यामुळे ‘तेवढाच जाड पत्रा, एक तृतीयांश वजन’ हा हिशेब फसवा आहे. पत्रा सुमारे दीडपट जाड घेतला तर कडकपणा लोखंडाइतका येतो आणि वजन निम्म्यावर येतं. खरी बचत निम्म्याची. दीड मीटर बाय पावणेदोन मीटरचा ४ मिलीमीटरचा सपाट पत्रा २८-२९ किलो भरतो. चेकर्ड प्लेट (उठावाच्या नक्षीचा पत्रा) थोडी जास्त. वर खालचे आडवे चॅनेल, पुढची जाळी, कडेच्या पट्ट्या धरा. तुमच्या कामाला ४ मिलीमीटर पुरे, फक्त खालचे आडवे चॅनेल जवळजवळ घ्या. पत्रा ५०५२ किंवा ५०८३ मागा, हे मिश्रधातूंचे नंबर. ५०८३ बोटींना वापरतात, खाऱ्या हवेत टिकतो. चॅनेल ६०६१ चे. दुकानदार ‘एकच आहे हो’ म्हणाला तर दुसरं दुकान बघा.

कोणाकडून करावं, यावर जरा सविस्तर सांगतो. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या आणि डिचोली-साखळी-उसगाव पट्ट्यात टिपरचे हौदे बांधणारे, दुरुस्त करणारे बरेच हात मोकळे झाले. ही माणसं लोखंडात जादूगार. माझा पहिला बेडही अशाच एका मेस्ताने (कारागिराने) केला आणि माप त्याने दोरीने घेतलं, तरी एका सुताचा फरक नव्हता. पण अ‍ॅल्युमिनियम हा वेगळा प्राणी आहे. त्याच्यावर ऑक्साइडची पापुद्र्यासारखी साय असते. धातू ६६० अंशाला वितळतो, ती साय २,००० च्या पुढे. ती फोडायला आर्गन वेल्डिंगचं मशीन एसीवर, म्हणजे उलटसुलट दिशा बदलणाऱ्या विजेवर, चालणारं लागतं. स्टीलची रेलिंग करणाऱ्या बहुतेकांकडे आर्गन असतो, पण मशीन फक्त डीसी, म्हणजे एकाच दिशेच्या विजेचं. म्हणून ‘आर्गन आहे का’ असं विचारू नका, ‘एसी आहे का’ विचारा. आणि दोन तुकडे जोडून हातोड्याने तोडून दाखवायला सांगा. तुटलेल्या जागी बारीक छिद्रं दिसली तर हवेतला दमटपणा आत गेला आहे. पावसात हे काम देऊच नका.

चांगलं वेल्डिंगसुद्धा ६०६१ ला जोडाच्या आजूबाजूला बरंच मऊ करतं. शिवाय अ‍ॅल्युमिनियम थकतं: छोटे धक्के हजारो वेळा बसले की वेल्डिंगच्या टोकापासून चीर सुरू होते. चोर्ला घाटाच्या बाजूचे कच्चे रस्ते म्हणजे हेच धक्के. दुसऱ्या वेळी मी मुख्य जोड नट-बोल्टने केले, वेल्डिंग फक्त जिथे ताण कमी तिथे.

आता ती मधली जागा. चासीला वेल्डिंग नाही, नवीन भोक नाही. मूळ हौदा ज्या भोकांवर बसतो तीच वापरायची. गाडी दगडावर तिरकी चढली की चासी पिळते. बेड तिला घट्ट बांधला तर पीळ बेड घेतो आणि फाटतो. म्हणून मागचे बोल्ट पक्के, आणि केबिनच्या पाठीमागचे स्प्रिंग घालून, म्हणजे बेड तिथे थोडा उचलला जाऊ शकेल. केबिन स्वतः रबरावर हलते, तेव्हा तिच्यात आणि बेडच्या जाळीत तीन बोटं अंतर ठेवा.

माझी चूक इथली. मेस्ताने चासीवर जुन्या कन्वेयर बेल्टचे तुकडे ठेवले (खाणीची सवय!), पण बेडला धरणारे लोखंडी अँगल मात्र थेट अ‍ॅल्युमिनियमला टेकवले. बेल्टच्या आतल्या कापडात पाणी मुरून राहिलं. दोन पावसाळ्यांत अँगलखाली पांढरी भुकटी जमली आणि चॅनेल कागदासारखा पातळ झाला. दोन धातू आणि मध्ये ओल, म्हणजे बॅटरीच ती. खर्ची पडतं अ‍ॅल्युमिनियम. आता प्रत्येक टेकण्याच्या जागी एचडीपीईची (कडक प्लास्टिकची) पट्टी आहे, बोल्टभोवती प्लास्टिकची नळी, वॉशरही प्लास्टिकचे. बोल्ट स्टेनलेसचे चालतात, कारण बोल्ट लहान आणि अ‍ॅल्युमिनियम मोठं. उलटं करू नका: लोखंडी पत्र्यात अ‍ॅल्युमिनियमचे रिवेट बघता बघता संपतात.

तांबं तर लोखंडापेक्षा वाईट. पोफळीवर कोळेरोग (सुपारी कुजवणारा रोग) येऊ नये म्हणून आम्ही बोर्डो मिश्रण फवारतो: १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, एक किलो चुना. पिंप झिरपलं, मला चार दिवस कळलं नाही, आणि पत्र्यावर देवीच्या वणांसारखे खड्डे पडले. तुम्ही फवारणी करणार नाही, पण मासळीचा खोका ठेवलात तर त्याचं पाणी धुवून काढा.

पत्र्याला रंग लावू नका. नीट तयारी न करता मारलेल्या पावडर कोटिंगखाली गंज सापासारखा सरपटत जातो. उघडा पत्रा मळकट दिसेल, टिकेल.

उरलेलं भराभर. बेड प्लास्टिकवर बसला की तो चासीपासून विजेच्या दृष्टीने तुटतो. मागच्या दिव्यांना वेगळी अर्थिंगची तार द्या, नाहीतर ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर नाचतात. मी आठवडाभर फ्यूज बदलत होतो. डिझेलच्या नळीला तोंडापासून टाकीपर्यंत सलग उतार हवा, नाहीतर पंपावर दर दोन लिटरला नोझल बंद होतो. चाक पूर्ण वर दाबलं गेल्यावर मडगार्डला लागत नाही ना, हे गाडी जॅकवर तिरकी करून बघा. गाडीवर कुठेही वेल्डिंग करायच्या आधी बॅटरी काढा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळा.

जुना हौदा आणि फाळका (मागचं उघडणारं दार) भंगारात घालू नका. तपासणीत अडलं किंवा गाडी विकायची झाली तर तोच परत चढवावा लागेल. माझा हौदा कुळागराच्या कडेला आहे, सध्या त्यात शेणखत भरलंय.