पोत्याच्या मागं मागं जा

चि. पोरीस अनेक उत्तम आशीर्वाद,

तुझं पत्र पोचलं. आजोबांच्या ट्रंकेत निघालेलं लायसनचं पुस्तक, दोन जुन्या बिल्ट्या, म्हणजे ट्रान्सपोर्टनं माल नेल्याच्या पावत्या, आणि लॉरीच्या फाळक्याला टेकून काढलेला त्यांचा फोटो बघून तुला मराठवाड्यातल्या जुन्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांवर लिहावंसं वाटलं, हे वाचून फार बरं वाटलं. आडतीवर लिहिणारे आहेत, साखर कारखान्यांवर लिहिणारे आहेत. मोंढ्यातलं, म्हणजे आपल्याकडच्या धान्यबाजारातलं, पोतं मुंबईच्या दाणाबंदरच्या बाजारापर्यंत नेणाऱ्या माणसांवर कोणी चार ओळी लिहीत नाही. तू कंपन्यांची आणि मालकांची यादी मागितलीस. ती मी देऊ शकतो, पण एवढ्यात देणार नाही.

यादी हातात पडली की तू मालकांच्या घरी जाशील. तिथं आगतस्वागत होईल, हार घातलेला फोटो दाखवतील, पहिली गाडी कोणत्या साली घेतली ते सांगतील. त्यात खोटं काही नसतं आणि तेही लिहून घ्यायचंच आहे. पण कंपनी चालायची कशी ते त्या दिवाणखान्यात कळत नाही. पुष्कळ कंपन्यांकडं स्वतःची एकही गाडी नसे. भाड्याचं ऑफिस, मागं गोडाऊन, एक टेलिफोन, बिल्टीबुकं आणि एक दिवाणजी, एवढ्यावर कंपनी उभी. गाड्या बाजारातल्या. एक-दोन गाड्यांचे मालक नंबर लावून बसायचे, त्यातले कितीतरी स्वतःच स्टिअरिंगवर. म्हणून म्हणतो, तुझ्याकडं दोन बिल्ट्या आहेत त्या समोर ठेव आणि त्यावर लिहिलेल्या पोत्यांच्या मागं मागं जा. ज्यांनी ती पोती उचलली, मोजली, लिहिली, झाकली, नेली आणि उतरवली, त्यांच्यापर्यंत पोच. मालक त्यानंतर.

बिल्टी कशी वाचायची ते सांगतो. वर कंपनीच्या नावाखाली शाखांची गावं छापलेली असतात. ती आधी वहीत उतरव, कंपनीचा खरा पसारा तेवढा. मग पाठवणार, घेणार, नग, मार्का, वजन, भाडं, हमाली. 'पेड' लिहिलंय की 'टू पे' ते बघ; टू पे म्हणजे भाडं माल घेणाऱ्यानं द्यायचं. खाली बारीक अक्षरात 'माल मालकाच्या जोखमीवर' असं असतं. तेवढं छापून कंपनी सुटत नसे. माल वाहणाऱ्यांसाठीचा १८६५ चा कॅरियर्स कायदा २००७ चा नवा कायदा २०११ मध्ये लागू होईपर्यंत चालू होता आणि त्यात माल हरवला-खराब झाला तर निष्काळजीपणा सिद्ध करायचं ओझं माल देणाऱ्यावर नव्हतं. दिवाणजी लोकांना कलम पाठ नसेल, पण बिल्टी बुकातून फाडून दिली की आपण बांधले गेलो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बिल्टीवर साल पुसट झालं असेल तरी ते काढता येतं. पत्त्यात लातूर 'जिल्हा उस्मानाबाद' असेल तर कागद १९८२ च्या आधीचा. जालना 'जिल्हा औरंगाबाद' असेल तर १९८१ च्या आधीचा, हिंगोली 'जिल्हा परभणी' असेल तर १९९९ च्या आधीचा. गाडीचा नंबर एमएच-२४ किंवा एमएच-२६ असा असेल तर १९८९ च्या नंतरचा. वजन मणात किंवा पल्ल्यात आणि भाडं आण्यात असेल तर तू फार जुन्या कागदाशी आली आहेस, जपून हाताळ. निजामाच्या राज्यातली वही हाती लागली तर रक्कम निजामाच्या हाली शिक्क्यात आहे की इंग्रजांच्या कलदारात ते विचार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशोब होता. साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेतलं, असेल तर ५९० मिळव, साधारण इसवी सन लागतो.

आता त्या कागदाची किंमत समजून घे. लातूरचा आडत्या मुंबईच्या व्यापाऱ्याला तूर पाठवायचा तेव्हा बिल्टी थेट त्याच्या हातात देत नसे. हुंडीसोबत ती बँकेत जमा करायचा. बँक त्यावर आडत्याला पैसे उचलू द्यायची, मुंबईच्या शाखेत व्यापारी पैसे भरून बिल्टी सोडवायचा आणि ती दाखवली तरच गोडाऊनमधून पोती मिळायची. म्हणजे आमच्यासारख्याच्या हातच्या चार ओळींवर बँक रक्कम द्यायची. माल अजून मोंढ्यातच पडलेला आणि शेटजी 'बिल्टी आजच्या तारखेची द्या' म्हणून बसलेत, असं हंगामात नेहमी व्हायचं. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते दिवाणजी अशा वेळी पेनाला टोपण लावून ते खिशात ठेवायचे आणि म्हणायचे, "पोतं हौद्यात, मग कागद हातात." शेटजी चिडायचे, दुसऱ्या ऑफिसात जातो म्हणायचे, आणि पुढच्या आठवड्यात परत आमच्याकडंच यायचे. कंपनीचं नाव मालकाचं, पण नावाला किंमत आणली ती या माणसांनी, असं माझं ठाम मत आहे. तुझ्या लेखात त्यांची नावं आली पाहिजेत.

रेल्वे असताना लॉरीचा धंदा इतका वाढला कसा, हे तू विचारलंस. लातूरला बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्येच आली, पण ती अरुंद. लातूरला भरलेला माल कुर्डुवाडीला उतरवून मोठ्या गाडीत चढवावा लागे. नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद या पट्ट्यातली लाइन मीटरगेज, तिची हीच गत मनमाडला. प्रत्येक बदलीला हमाली, फुटलेली पोती, हमालांच्या लोखंडी आकड्यानं पडलेली भोकं, आणि डबा कधी मिळेल याची वाट. लॉरी लातूरच्या आडतीसमोर भरली की थेट दाणाबंदरात मोकळी व्हायची. औरंगाबादच्या बाजूची लाइन १९९० नंतर मोठी झाली, लातूरची त्याच्याही बरीच नंतर. तोवर मोंढा लॉरीच्या सवयीचा झाला होता. मालधक्क्यावर काम केलेला एखादा म्हातारा हमाल भेटला तर त्याला मनमाडची बदली कशी व्हायची ते जरूर विचार.

हमालांकडं गेलीस की 'जुन्या आठवणी सांगा' असं म्हणू नको. त्यावर 'लई कष्ट होते बाई' एवढं एकच वाक्य मिळेल. फळी कशी लावायची ते विचार. जमिनीपासून हौद्यापर्यंत एक लांब फळी टाकलेली असायची आणि पाठीवर शंभर किलोचं पोतं घेऊन माणूस तिच्यावरून वर जायचा. फळी पावलागणिक खाली दबते आणि वर उसळते. तिच्या उसळीबरोबर पुढचं पाऊल पडलं तर ओझं हलकं जातं, चुकलं तर कंबर जाते. नव्या पोराला टोळीचा मुकादम आधी रिकाम्या पाठीनं त्या फळीवर चालवायचा. हौद्यात थप्पी लावणारा वेगळा, तो टोळीतला सगळ्यात जाणता. वजन पुढं-मागं किती टाकायचं, वरचे थर आत कसे घ्यायचे हे तो डोळ्यानं ठरवायचा. थप्पी चुकली की घाटात गाडी एका अंगाला झुकायची. हे विचारलंस की म्हातारा उठून उभा राहील, हातानं दाखवेल, आणि मग बाकीचं आपोआप बोलेल. हमालांसाठीचा माथाडी कायदा १९६९ चा, पण आपल्याकडं कोणत्या मोंढ्यात तो कधी पोचला, हमालांच्या मंडळाची लेव्ही कधी भरली जाऊ लागली, हे गावागावात वेगळं ऐकू येईल. ऐकलंस तसंच लिही.

मग ताडपत्री. हे काम क्लीनरचं, आमच्याकडं किन्नर म्हणायचे. भरलेल्या गाडीवर चढून ताडपत्री पसरायची, पुढची घडी वरून घ्यायची म्हणजे वाऱ्यानं उचलत नाही, मग रस्सा आडवा-तिडवा टाकून खालच्या कड्यांत ओढायचा. गुडघा पोत्याला लावून, अंग मागं टाकून. पावसाळ्यात मांजरसुंब्याच्या घाटात किंवा कन्नडच्या औट्रम घाटात रात्री रस्सा सैल झाला तर उतरून पुन्हा आवळायचा तो त्यानंच. डाळीच्या पोत्यात पाणी शिरलं की दाणा फुगतो, वास येतो, आणि दाणाबंदरात व्यापारी भावच पाडतो. त्या पोराची रस्सीची गाठ म्हणजे कंपनीचा विमा होता.

आणि याच पोराचं नाव तुला कुठल्याच कागदावर सापडणार नाही. बिल्टीवर ड्रायव्हरचं नाव असतं, किन्नरचं नसतं. मोटार वाहतूक कामगारांचा कायदा १९६१ सालीच झाला, पण तो पाच किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी लागू. मी पाहिलेल्या एका ऑफिसात हजेरीपुस्तकात कायम चारच नावं असत. तिथल्या एका किन्नरचा पाय फाळक्यात सापडून गेला तेव्हा तो आमचा माणूसच नाही असं सांगण्यात आलं. त्याच्या उस्ताद ड्रायव्हरनं स्वतःच्या खिशातून त्याच्या घरी ज्वारी टाकली. हे आजही माझ्या मनातून जात नाही. तुझ्या वहीत किन्नरांसाठी वेगळी पानं ठेव. त्यातले बरेच पुढं ड्रायव्हर झाले, तुझे आजोबाही तसेच आलेले असतील. आईला विचार, ते कोणत्या उस्तादाच्या हाताखाली शिकले. उस्तादाचं नाव ड्रायव्हर मंडळी मरेपर्यंत विसरत नाहीत.

नांदेडला गेलीस तर शीख आणि मुसलमान ड्रायव्हर-मिस्त्री मंडळींकडं वेळ काढून बस. त्यांची बोली दखनी, तुला समजेल, मराठीत वळवून घेऊ नको. जसं बोलले तसं देवनागरीत लिही. टाटा-मर्सिडीजचं तारा असलेलं नाक, लेलँडचा आवाज, फार्गो आणि बेडफर्ड कुठं दम सोडायची, हे ते नुसत्या आवाजावरून सांगतील. पाटे बदलणारा लोहार, रेडिएटर झाळणारा, टायरवाला, बॉडी बांधणारा सुतार, हे सगळे त्याच कंपनीच्या आधारानं जगत होते, पगारपत्रकात नसले तरी.

बायकांना विसरू नको. मोंढ्यात गाडी भरली की खाली सांडलेलं धान्य झाडून घेणाऱ्या, सुतळी-दाभणानं फाटकी पोती शिवणाऱ्या बायांनी सगळ्या कंपन्या जवळून पाहिल्या आहेत. कोणता दिवाणजी झाडू द्यायचा आणि कोणता हाकलायचा, हे त्यांच्याइतकं कोणी सांगू शकत नाही. आणि ड्रायव्हरच्या घरच्या बायका: गाडी मुंबईला गेली की परतीचं भाडं मिळेपर्यंत चार दिवस लागतील की दहा, निरोप नाही. ऑफिसात ट्रंक कॉल आला की दिवाणजी एखाद्या पोराला गल्लीत पिटाळायचे, "गाडी निघाली म्हणून सांग." तुझ्या आजीनं असे किती निरोप घेतले असतील ते तिलाच विचार.

दोन गोष्टी जपून विचार. एक, १९७२ चा दुष्काळ. स्टेशनवर आलेली मदतीच्या मिलो ज्वारीची आणि सुकडीची पोती ज्यांनी गावोगाव नेली त्यांनी गाडीमागं पळणारी माणसं पाहिली आहेत. दुसरी, ३० सप्टेंबर १९९३. किल्लारीच्या भूकंपाच्या त्या पहाटेनंतर ज्यांनी गाड्या घातल्या त्यांच्यातले काही आजही सास्तूरच्या वाटेचं नाव निघालं की गप्प होतात. त्यांनी स्वतःहून काढलं तर वही बंद करून ऐक. लिहू का, हे दुसऱ्या दिवशी विचार. अपघातांचंही तसंच. गेलेल्या माणसाच्या घरच्यांना विचारल्याशिवाय नाव छापू नको.

जुने ट्रान्सपोर्टवाले 'धंदा जीएसटीनं बुडाला' असं एका दमात सांगतील. त्यावर लगेच मान डोलावू नको. नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली तेव्हाच नाक्यांवर ओळख असणाऱ्या माणसाचं काम संपू लागलं होतं. मोबाईल आल्यावर गाडीमालक थेट व्यापाऱ्याशी बोलू लागला, मधल्या ऑफिसाची गरज कमी झाली. २०१७ चा जीएसटी आणि नंतरचं ई-वे बिल हे त्यावर आलेलं शेवटचं. कोणतं आधी लागलं, ते प्रत्येकाकडून वेगळं काढून घे, सालासकट.

सोयाबीनच्या आवकेत, दिवाळीच्या आगंमागं, मोंढ्यात जाऊ नको. हमालांना पाणी प्यायला सवड नसते. अमावस्येला पुष्कळ मोंढे बंद असतात, त्या दिवशी सकाळी टोळी पारावर निवांत सापडते. जाताना आजोबांचा फोटो सोबत ने आणि आधी त्यांचं नाव सांग, मग तुझ्या कॉलेजचं. वह्या-बिल्ट्या घरी मागून नेऊ नको, तिथंच बसून फोटो काढ; एकदा घराबाहेर गेलेली वही परत येत नाही असा लोकांचा अनुभव आहे. उर्दूतली पानं निघाली तर मला पाठव, इथं वाचून देणारे एक गृहस्थ आहेत, अजून नजर चांगली आहे. तुझ्या त्या दोन बिल्ट्यांचे दोन्ही बाजूंनी फोटो आधी पाठव. मागच्या बाजूला पेन्सिलीनं हमाल टोळीचा आकडा टाकायची पद्धत होती. तो दिसला तर पहिल्यांदा कोणाला भेटायचं ते मी लगेच कळवतो.

तुझा,
काका