अंगावरच्या कपड्यातले इलेक्ट्रॉनिक्स मातीत कुजणारे करता येईल का?

हृदयाचे ठोके मोजणारा कपडा जुना झाल्यावर खतासारखा मातीत मिसळून जाईल का, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात अशाच कपड्यांच्या चाचण्या करतो. कापड आणि त्यावरचा वीजवाहक थर यांच्यापुरते हे बऱ्याच अंशी साधते. चिप आणि बॅटरी यांच्याबाबतीत साधत नाही.

साउथॅम्प्टन आणि ब्रिस्टल येथील संशोधकांनी लाकडाच्या लगद्यापासून बनणाऱ्या टेन्सेल कापडावर ग्राफीनच्या (कार्बनच्या अतिशय पातळ, वीजवाहक रूपाच्या) शाईने इंकजेट छपाई करून असे संवेदक तयार केले. चार महिने मातीत पुरल्यावर त्या कापडाचे वजन ४८ टक्क्यांनी आणि ताकद ९८ टक्क्यांनी घटली. मला यातला पहिला आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण कापड हातात तुटू लागले तरी त्याचा निम्म्याहून अधिक भाग अजून मातीतच होता. शिवाय जिवाणू सेल्युलोज, म्हणजे लाकूड आणि कापूस यांतला तंतुमय पदार्थ, खातात, ग्राफीन तितक्या सहजी खात नाहीत.

गेल्या पावसाळ्यात मी कोथरूडच्या गच्चीवर शेणखत घातलेल्या कुंडीत छापील सुती पट्ट्या पुरल्या होत्या. दोन महिन्यांनी उकरून पाहिले, तेव्हा कापडाचा बोटांत चुरा होत होता, पण शिलाईचा दोरा टाक्यांच्या वळणांसकट जसाच्या तसा बाहेर आला, कारण तो पॉलिएस्टरचा होता. चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा धागाही तसाच राहिला. तेव्हापासून आम्ही सुती दोराच वापरतो. तो मशीनवर वारंवार तुटतो आणि काम लांबते, तरीही.

कुजणारा कपडा धुण्यात टिकेल का, ही शंका रास्त आहे. सेल्युलोज कुजायला ओलावा आणि जिवाणू दीर्घकाळ एकत्र लागतात, त्यामुळे धुऊन लगेच वाळवलेला कपडा टिकतो. खरी अडचण छपाईचा थर घासला जाण्याची असते. मक्यापासून बनणाऱ्या पीएलए या प्लास्टिकच्या धाग्यावर ‘कुजणारा’ असे लिहिलेले असले, तरी त्याला सुमारे ६० अंश सेल्सिअसचे औद्योगिक खतनिर्मितीचे तापमान लागते. कुंडीत तो वर्षानुवर्षे राहू शकतो.

म्हणून चिप आणि बॅटरीची डबी टिच बटणांनी जोडावी, म्हणजे ती काढून दुसऱ्या कपड्याला लावता येते आणि निकामी झाल्यावर ई-कचरा अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे देता येतो. बटणेही धातूचीच असतात, तेव्हा कपडा पुरण्यापूर्वी ती कात्रीने कापून घ्यावीत.