स्वीडनला येताय आणि राजकारण सुटेल असं वाटतंय? थोडं लांब उत्तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सांगलीकडच्या ग्रामपंचायतीत 5 वर्षं सदस्य होतात, आता मिस्टरांना गॉथेनबर्गला जॉब लागलाय, आणि विचारताय की तिकडे बायका खरंच राजकारणात असतात की पेपरात वाचायपुरतं, आणि भारतीय पासपोर्टवर आपल्यासारखीला काही करता येतं का. मी इथे 12 वर्षं आहे, पासपोर्ट अजून भारताचाच, आणि तरी कम्यूनच्या एका समितीत बदली सदस्य आहे (कम्यून म्हणजे आपली नगरपालिका समजा, असे 290 आहेत). तर येतं करता.

आधी नियम. पार्लमेंटला मत द्यायला इथलं नागरिकत्वच लागतं, आणि ते घेतलं की आपला पासपोर्ट परत करायचा, म्हणून बरेच जण लांबवतात. पण कम्यून आणि रिजनच्या (रिजन म्हणजे आपला जिल्हा समजा) निवडणुकीत परदेशी नागरिकाला 1976 पासून मत आहे, फक्त आपल्यासारख्यांचं निवडणुकीच्या आधी सलग 3 वर्षं इथल्या नोंदणीत नाव पाहिजे. आणि जिला मत आहे ती उभीही राहू शकते! हे आपल्या लोकांना सांगितलं तर निम्म्यांना खरं वाटत नाही, मतदान कार्ड पोस्टाने घरी येतं आणि जाहिरातींच्या कागदांबरोबर रद्दीत जातं. त्यातला "सलग" शब्द लक्षात ठेवा. माझी एक मैत्रीण बाळंतपणाला पुण्याला गेली ती वर्षापेक्षा जास्त राहिली, नाव नोंदणीतून निघालं आणि तिचे 3 वर्षं परत पहिल्यापासून. म्हणजे 2026 च्या सप्टेंबरची निवडणूक तुमची हुकणार, 2030 ची मिळेल. पक्षाचं सभासद मात्र आल्या आल्या होता येतं, त्याला कोणी पासपोर्ट विचारत नाही.

आता बायकांचं. पार्लमेंटमध्ये 349 जागा, 2022 ला निवडून आलेल्यांत साधारण 46 टक्के बायका. आपल्या लोकसभेत 2024 ला 543 पैकी 74. पण गंमत अशी की इथे आरक्षणाचा कायदाच नाही, आणि आपल्या ग्रामपंचायतीत 50 टक्के आहे. मग हे झालं कसं? 1991 च्या निवडणुकीत बायकांचा आकडा 38 वरून 34 टक्क्यांवर घसरला, तेव्हा काही जणींनी एक गट काढला आणि सगळ्या पक्षांना दम दिला, तुम्ही बायका वर घेतल्या नाहीत तर आम्ही आमचा पक्ष काढतो. घोषणा होती "पूर्ण पगार, अर्धी सत्ता". सोशल डेमोक्रॅट (इथला मोठा पक्ष) घाबरले आणि त्यांनी उमेदवारांची यादीच एक बाई एक पुरुष अशी लावायची ठरवली. त्याला इथे जो शब्द आहे तो नाचाच्या कार्यक्रमातला आहे, एक आड एक नाच बायकांच्या पसंतीचा, तसला. 1994 ला आकडा 40 च्या वर गेला आणि निम्मं मंत्रिमंडळ बायकांचं झालं. इथे मत मुख्यतः पक्षाच्या यादीला पडतं, म्हणून यादी कोण लावतं हाच सगळा खेळ. जे पक्ष असं काही पाळत नाहीत त्यांच्यात लगेच दिसतं, उजव्या टोकाच्या पक्षात बायका बऱ्याच कमी.

आणि फार हुरळून पण जाऊ नका. बायका पहिल्यांदा पार्लमेंटला निवडून आल्या 1921 ला, आणि पहिली बाई पंतप्रधान व्हायला 2021 उजाडलं, मॅग्डालेना अँडरसन. ती पण निवड झाली त्याच दिवशी काही तासांत राजीनामा देऊन बसली कारण सोबतचा पक्ष बाहेर पडला, मग पाच दिवसांनी परत निवडली. आपल्याकडे इंदिराबाई 1966 ला, हे मी इथल्या लोकांना मुद्दाम सांगते.

माझी पहिली मीटिंग सांगते. लायब्ररीच्या तळघरातली खोली, 9 माणसं, थर्मासमध्ये कॉफी, दालचिनीचे बन, एक बाप झोळीत बाळ घेऊन उभ्या उभ्या झुलत बोलत होता आणि कोणी त्याच्याकडे वळून पण बघत नव्हतं. बोलायचं असेल तर हात वर करायचा, अध्यक्षबाई नाव कागदावर लिहिणार, नंबर आला की बोला. शेवटी मिनिट्सवर कोण सही करणार ते ठरलं आणि मला एकदम आमच्या मावशीची आठवण झाली, ती सरपंच होती आणि प्रोसिडिंग बुक काका घरी आणायचे, ती पोळ्या लाटता लाटता हात पुसून सही करायची. मीटिंगला काका. इथे नवऱ्याला कोणी ओळखत पण नाही, माझ्याला तर तळघर कुठे आहे तेही माहीत नाही.

हे बहुतेक सगळे नोकरी सांभाळून करणारे असतात. मीटिंगसाठी ऑफिसातून सुट्टी मिळण्याचा हक्क कायद्यात आहे, बुडालेला पगार भरून मिळतो. पोरांची पाळणाघराची फी ठरलेल्या मर्यादेच्या वर जात नाही. बायका टिकतात त्या यामुळे, भाषणांमुळे नाही, असं माझं मत.

पण माझी खदखद पण ऐका. गेल्या निवडणुकीला पक्षाच्या पत्रकावर माझा फोटो पहिला, साडी नेसायला सांगितली होती वर, आणि यादीत नंबर 26. आमच्या कम्यूनमध्ये 26 वा म्हणजे निवडून यायचा प्रश्नच नाही. मी विचारलं तर म्हणे तुमची भाषा अजून थोडी... आणि माझ्या वरच्या एका बाबाला तर आख्ख्या मीटिंगमध्ये तोंड उघडताना मी पाहिलं नाही. म्हणून पुढच्या वेळेसाठी यादी लावणाऱ्या समितीतच नाव दिलं मी. तेव्हा कळलं की नावं आदल्या वर्षीच पक्की व्हायला लागतात, निवडणूक जवळ आल्यावर धावून उपयोग नाही.

धमक्या वगैरे विचारलंत, तर आहेत. परराष्ट्रमंत्री ॲना लिंड यांना 2003 ला स्टॉकहोमच्या दुकानात भोसकलं, त्यात त्या गेल्या. आता घाण बहुतेक ऑनलाइन येते आणि परदेशी नावाच्या बाईला जरा जास्तच. मला दोनदा आली, दोन्ही वेळा पक्षाने पोलिसात दिली.

तुमचं काम आत्तापासून एकच, स्वीडिश. इंग्लिशवर जॉब निभतो, कम्यूनची मीटिंग निभत नाही, तिथे गटाराच्या पाइपावर 40 पानी कागद येतो. नोंदणी झाली की सरकारी क्लास फुकट असतात. आणि बायोडेटात ग्रामपंचायतीची 5 वर्षं वरती लिहा, खाली "इतर" मध्ये नको. पाणीपट्टीच्या वसुलीवरून गावाशी भांडलेली बाई इथे पण पटकन मिळत नाही. आलात की फोन करा, आमची पुढची मीटिंग महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी असते, बन मी आणते.