वाचकांचे प्रश्न : एका दिवसात जुने शहर कसे पाहावे?

प्रश्न : आम्हा पतिपत्नींना ऐतिहासिक वास्तू पाहण्याची आवड आहे, परंतु पाहण्याची रीत मात्र अगदी निराळी. हे प्रत्येक फलक शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, तर मला एकाच जागी निवांत बसून राहावेसे वाटते. आगामी प्रवासात एका जुन्या शहरासाठी आम्हाला एकच दिवस मिळणार आहे आणि यादीत आताच आठ-दहा ठिकाणे झाली आहेत. ती कशी बसवावीत, आणि संध्याकाळी कुरबुर होऊ नये म्हणून काय करावे?

उत्तर : आठ-दहा ठिकाणे एका दिवसात उरकता येतात, पाहता येत नाहीत. मोठ्या वास्तूच्या दाराशी तपासणीची रांग असते, आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि दुपारनंतर पाय बोलू लागले की कितीही भव्य घुमट समोर असला तरी मन बाकड्याच्या शोधात असते. म्हणून एक मुख्य वास्तू सकाळी, तिच्या लगतची एक दुपारी, आणि उरलेल्या जाता-येता बाहेरून, एवढाच बेत ठेवावा. निवड करताना कीर्तीपेक्षा जवळीक महत्त्वाची मानावी. इस्तंबूलमध्ये आया सोफिया (मूळची चर्च, आज मशीद असलेली वास्तू), तिच्या समोरची सुलतान अहमद मशीद आणि रस्त्यापलीकडे जमिनीखाली असलेले ३३६ स्तंभांचे प्राचीन जलाशय ही तिन्ही स्थळे काही मिनिटांच्या चालीवर आहेत. तिथे वाहनात न बसता सबंध दिवस सार्थकी लागतो. (या दोन्ही मशिदींत नमाज होते, त्यामुळे नमाजाच्या वेळा टाळूनच जावे.)

मुख्य वास्तूत शिरल्यावर सगळे काही पाहण्याचा हट्ट धरू नये. आया सोफिया बायझंटाईन सम्राट जस्टिनियनच्या काळात चर्च म्हणून इ. स. ५३२ ते ५३७ या अवघ्या पाच वर्षांत उभी राहिली. पुढे १४५३मध्ये तिची मशीद झाली, १९३५मध्ये संग्रहालय आणि २०२०मध्ये पुन्हा मशीद. एवढा इतिहास एका भेटीत मावणारच नाही. तिच्या वरच्या सज्जात सम्राज्ञी झोई आणि तिचा पती नववा कॉन्स्टंटाइन यांचे, मध्ये येशू असलेले, मोझेइक (रंगीत तुकडे जडवून केलेले) चित्र आहे. झोईची लग्ने तीन झाली. चित्र मुळात तिच्या पहिल्या पतीच्या वेळचे असावे आणि नंतर सम्राटाचा चेहरा व नाव बदलण्यात आले, असे अभ्यासकांचे मत आहे. बदलाच्या खुणा नीट पाहिल्यास लक्षात येतात. पती बदलला तरी चित्र तेच ठेवण्याची ही काटकसर दांपत्याने मिळून पाहण्यासारखी आहे! त्याच मजल्यावर संगमरवरी कठड्यावर उत्तर युरोपातून आलेल्या कुणा हाल्फदान नावाच्या माणसाने तिकडच्या प्राचीन रून लिपीत आपले नाव कोरून ठेवले आहे. अशा दोन-तीन गोष्टींपाशी थांबून, वाकून, एकमेकांना दाखवून पाहिले की ती वास्तू खऱ्या अर्थाने लक्षात राहते.

आता आपल्या दोघांच्या रीतींविषयी. त्यांत तडजोड घडवून आणण्याची गरज मला दिसत नाही, कारण दोन्ही रीती एकेकट्या अपुऱ्या आहेत. रोमच्या पॅन्थिऑनचे उदाहरण घ्या. दर्शनी भागावरील कोरीव लेख सांगतो की हे मंदिर अग्रिपा या रोमन मुत्सद्द्याने बांधले. केवळ लेख वाचणारा तेवढ्यावर विश्वास ठेवून पुढे जाईल. वस्तुतः अग्रिपाचे मंदिर केव्हाच नष्ट झाले होते आणि आजची इमारत सम्राट हेड्रियनच्या काळात, इ. स. १२६च्या सुमारास, पूर्ण झाली. हेड्रियनने जुन्या दात्याचे नाव तेवढे कायम ठेवले. उलट, आत बसून राहणाऱ्याला जे दिसते ते कोणत्याही फलकावर वाचून कळणार नाही. सुमारे ४३ मीटर व्यासाच्या त्या काँक्रीटच्या घुमटाला माथ्यावर एक उघडे वर्तुळ आहे आणि त्यातून पडणारा उन्हाचा गोल कवडसा भिंतीवरून हळूहळू सरकत राहतो. घाईने फेरी मारणाऱ्याला तो एका जागी खिळलेला वाटतो; बसणाऱ्याला तो कोनाड्याची कड ओलांडताना दिसतो. पावसाळी दिवशी त्याच वर्तुळातून सरी आत येतात आणि फरशीतील बारीक छिद्रांतून पाणी निघून जाते. तेव्हा आपल्या यजमानांना तासभर खुशाल वाचू द्यावे, आपण बसावे आणि मग जे ज्याला गवसले ते दुसऱ्याला जागेवर नेऊन दाखवावे. कुरबुर बहुधा होते ती एकाने दुसऱ्याच्या मागे मन मारून फिरल्यामुळे.

प्रश्न : वाटाड्या घ्यावा की कानात लावायचे ध्वनियंत्र पुरेल?

उत्तर : इमारत कितपत शिल्लक आहे, यावर ते अवलंबून आहे. रोमन फोरमसारख्या ठिकाणी, जिथे पायथे, तुटके खांब आणि एखादी कमान एवढेच उरले आहे, तिथे जाणत्या माणसाने हात करून दाखविल्याशिवाय काही उमगत नाही. वाटाड्यावर खर्च करायचा तो अशाच जागी. जिथे छप्पर, भिंती आणि रंग शाबूत आहेत तिथे आधी स्वतः पाहावे. ध्वनियंत्राचा एक तोटा असा की दोघे दोन वेगळ्या क्रमांकांवर असतात आणि शेजारी उभे असूनही बोलणे खुंटते. घ्यायचेच असेल तर दोघांनी एकदमच सुरू करावे.

प्रश्न : आम्ही पोहोचलो त्या दिवशी नेमके संग्रहालय बंद होते. हे कसे टाळावे?

उत्तर : साप्ताहिक सुट्टीचा वार सर्वत्र एक नसतो. पॅरिसमध्येच लूव्र मंगळवारी बंद, तर ओर्से संग्रहालय सोमवारी. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. म्हणून त्या-त्या स्थळाच्या अधिकृत संकेतस्थळावर तो वार पाहूनच बेत आखावा. तिकीटही तिथूनच काढावे. स्पेनमधील ग्रानादाच्या अलहाम्ब्रा किल्ल्यात नास्रीद राजांच्या महालांत शिरण्याची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती चुकली की तिकीट हातात असूनही महाल बाहेरूनच पाहावे लागतात. रोमच्या कोलोसियम या प्राचीन रंगमंडळाचे तिकीट नावानिशी मिळते, त्यामुळे ओळखपत्र सोबत हवेच.

प्रश्न : माझ्या पत्नीचे गुडघे दुखतात. मनोऱ्यावर मी एकट्याने चढणे बरे दिसेल का?

उत्तर : अवश्य चढावे, मात्र पायऱ्या किती आणि उद्वाहक आहे का, हे आधी पाहावे. जर्मनीतील कोलोन कॅथेड्रल या भव्य चर्चच्या दक्षिण मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत आणि पर्यटकांसाठी उद्वाहक नाही. चढउतार आणि वाटेत प्रचंड घंटेपाशी थांबणे धरून बराच वेळ जातो, त्यामुळे पत्नीला नुसते तिष्ठत ठेवू नये. या वास्तूचे काम १२४८मध्ये सुरू होऊन १८८०मध्ये संपले, आणि मधली सुमारे तीनशे वर्षे ते जवळजवळ ठप्प होते. त्या काळात अर्धवट दक्षिण मनोऱ्यावर बांधकामाची लाकडी यारी तशीच उभी होती. मध्ययुगातील काम कुठे थांबले आणि एकोणिसाव्या शतकातील कुठे सुरू झाले, हे खालून शोधणे काही कमी रंजक नाही. भेटण्याची जागा मात्र चढण्यापूर्वीच नक्की करावी, आणि ‘दाराशी’ असे मोघम न ठरवता एखादा विशिष्ट खांब किंवा बाक ठरवावा, कारण अशा वास्तूंना दारे अनेक असतात आणि गर्दीत फोनची घंटी ऐकू येईलच असे नाही.