कियांती क्लासिको तुरट लागते, ती बिघडली आहे का? आणि सोबत काय खावं?

बिघडलेली नाही. इटलीतल्या टस्कनी प्रांतात, फ्लॉरेन्स आणि सिएना या शहरांमधल्या टेकड्यांवरची ही रेड वाइन किमान ८०% सांजोवेझे द्राक्षांची असते. बाटलीवर काळा कोंबडा असेल, बघा; ती हिची खूण. सांजोवेझे मुळातच आंबट-तुरट. द्राक्षाच्या सालीत आणि बियांत टॅनिन हे तुरट द्रव्य असतं, ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि कोऱ्या कडक चहासारखं तोंड कोरडं पडतं.

नुसती पिऊ नका, ही जेवणाबरोबरची वाइन आहे. टस्कनीत ती निखाऱ्यावर भाजलेल्या जाड बीफ स्टेकबरोबर घेतात. मांसातली प्रथिनं आणि चरबी टॅनिनला गुंतवतात, म्हणून घासानंतरचा घोट एकदम मऊ लागतो. शाकाहारी असाल तर टोमॅटो सॉसचा पास्ता आणि वर किसलेलं मुरलेलं पेकोरिनो, म्हणजे मेंढीच्या दुधाचं चीज. टोमॅटोच्या आंबटपणापुढे मवाळ वाइन पाणचट लागते, ही तग धरते. मला तर हीच जोडी जास्त आवडते! झणझणीत तिखट मात्र टाळा, त्याने तुरटपणा आणि अल्कोहोलची जळजळ दोन्ही वाढतात.

चाखताना पेला एक तृतीयांशच भरा, गोल फिरवा, मग नाक आत घालून वास घ्या. आधी आंबट चेरी येते, मागून सुकलेल्या पानांसारखा, थोडा मातकट वास. घोट लगेच गिळू नका, जिभेवर सगळीकडे फिरू द्या.

आणि १६ ते १८ अंशांना प्या. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली आधी अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवाच.