तिसरीतल्या मुलीला हातचा कळत नाही, 39 ऐवजी 49 लिहिते. खेड्यात कोणती साधने वापरावीत?

विकत काही आणू नका. आमच्याकडे यवतमाळच्या बाजूला तुरीची कापणी झाली की तुराट्यांचा ढीग पडलेला असतो. बोटाएवढे शंभरेक तुकडे करा, टोके घासून घ्या. दहा मोजून सुतळीने जुडी बांधायची. हे तिनेच बांधायचे, तुम्ही नाही. आता 42 मधून 7 काढायला सांगा. सुट्या काड्या दोनच, म्हणजे एक जुडी सोडावी लागते. ती गाठ स्वतःच्या हाताने सुटली की ‘दशक उसना घेतला’ म्हणजे काय ते कळते. फळ्यावर महिनाभर सांगूनही माझ्या वर्गातल्या एका पोराला हे उमगले नव्हते.

39 चा घोळ बऱ्याच अंशी आपल्या भाषेतला आहे. एकोणचाळीस ऐकले की कानात चाळीस राहते. तीन जुड्या, नऊ काड्या मांडून आधी ‘तीस नऊ’ म्हणू द्या. बालभारतीने 2019 मध्ये दुसरीच्या पुस्तकात हीच पद्धत दिली होती, तेव्हा गदारोळ झाला, पण अशा मुलांना ती सोपी जाते.

काड्यांवरून थेट अंकांवर उडी नको, मध्ये वहीत जुड्यांची चित्रे काढू द्या. चिंचोकेही चालतात, फक्त घरात लहान भावंड असेल तर जपून.

आणि हो, एवढे करूनही अडतच राहिले तर अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली कायमची अडचण, आहे का ते बघायला हवे; ती 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते. मुख्याध्यापकांना तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या (शाळांना मदत करणाऱ्या शिक्षण खात्याच्या केंद्रातल्या) विशेष शिक्षकाबद्दल विचारा.