हसतेखेळते बाळ आणि शस्त्रक्रियेचा निर्णय

"बाळाला काहीच त्रास नाही, मग ऑपरेशन कशासाठी?" आणि "ऑपरेशन टाळले आणि उद्या काही झाले तर?" फुप्फुसात जन्मजात दोष असलेल्या बाळांचे आईवडील हे दोन प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात. बहुतेकदा एक आईचा असतो, दुसरा वडिलांचा.

असेच एक जोडपे चार महिन्यांच्या मुलीला घेऊन आले (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). गरोदरपणी विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत दोष दिसला होता. जन्मानंतरचा एक्स-रे जवळजवळ स्वच्छ होता, पण सीटी स्कॅनमध्ये डाव्या फुप्फुसाच्या खालच्या खंडात पोकळ्यांचा पुंजका आढळला. बाळाला धाप लागत असती तर शस्त्रक्रियेविषयी दुमत झालेच नसते. लक्षणे नसलेल्या बाळांबाबत मात्र तज्ज्ञांतही एकमत नाही. पहिल्या वर्षातच तो भाग काढावा म्हणणारे सांगतात, की संसर्ग होऊन गेल्यावर शस्त्रक्रिया अवघड होते, लहान वयात उरलेले फुप्फुस वाढून जागा भरून काढते आणि क्वचित अशा पोकळ्यांआड एक दुर्मीळ कर्करोग असतो, जो स्कॅनवरून नेहमी ओळखता येत नाही. थांबावे म्हणणारे सांगतात, की बहुसंख्य बाळे त्रासाविना वाढतात, मग भुलीचा आणि शस्त्रक्रियेचा धोका कशाला?

तिसऱ्या भेटीत आईने पर्समधून वही काढली. रात्री दर दोन तासांनी बाळाच्या पोटाची हालचाल पाहून मोजलेले श्वास तीत लिहिले होते : ३८, ४१, ३६.

"यातला कोणता आकडा दिसला की तुमचा निर्णय होईल?" मी विचारले.

ती बराच वेळ पाने उलटत राहिली. "कोणताच नाही. झोपले तर मी निष्काळजी ठरेन, म्हणून मोजते."

"मला तर हे एकदाचे संपवायचे आहे," वडील म्हणाले.

त्या क्षणी मला उमगले, की हा वाद शस्त्रक्रियेचा नव्हताच. दोघांनाही हमी हवी होती. तिला ती मोजून मिळवायची होती, त्याला कापून. माझा कल विवेकनिष्ठ विचारपद्धतीकडे, म्हणजे त्रास देणाऱ्या भावनांमागचे हट्टी विचार तपासून बदलण्याकडे आहे, हे मी लपवत नाही. 'खात्री मिळालीच पाहिजे' हा हट्ट आजारापेक्षा अधिक छळतो, असे मी मानते, आणि तो हट्ट तारीखवार लिहिलेला मी प्रथमच पाहत होते.

शस्त्रक्रियेनंतरही तपासण्या राहतात, म्हणजे विषय तेथेही संपत नाही. आणि थांबणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. थांबायचे तर कोणाकडे, किती दिवसांनी आणि कोणत्या तपासणीसाठी जायचे, हे ठरलेले हवे. शल्यचिकित्सकांनी अशा किती शस्त्रक्रिया केल्या, दुर्बिणीतून करता येईल का, हे निःसंकोच विचारावे. कुटुंबात लहान वयात कर्करोग झाला असल्यास तेही आवर्जून सांगावे. दोन ते बारा महिन्यांच्या बाळाचे श्वास शांत असताना मिनिटाला ५० किंवा अधिक झाले, छाती आत ओढली जाऊ लागली, दूध पिताना दम लागला, ताप-खोकला आला किंवा ओठ निळसर दिसले, तर वही बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे.

या जोडप्याने तूर्त थांबायचे ठरवले. त्याच महिन्यात दुसऱ्या एका जोडप्याने शस्त्रक्रिया निवडली, आणि मला दोन्ही निर्णय सारखेच पटले. शेवटच्या भेटीत वही होतीच. पण आता तीत डॉक्टरांसाठी सात प्रश्न होते आणि त्यांखाली, वडिलांच्या अक्षरात, पुढच्या तपासणीची तारीख.